किल्लीचं कपाट

२० जानेवारी

मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून तसंच सुरू करतो. ‘प्रिय’ लिहिलं असतं तर तू हसली असतीस, आणि दुसरं काही लिहिलं असतं तर भडकली असतीस.

फोन फक्त गोटीसाठी, तुला काही म्हणायचं असेल तर कागदावर म्हण, हा तुझा हुकूम. मान्य. फोनवर मी ओरडतो, हेही मान्य. कागदावर ओरडायला वेळ जास्त लागतो, एवढंच. ओळी वाकड्या गेल्यात तिकडे लक्ष देऊ नकोस. टेबल डगमगतंय.

तर निवासी शाळा. मला न विचारता अर्ज भरलास आणि मग कळवलंस. तरी परीक्षेला मी पोरीला पाठवलं की नाही? बसमध्ये खिडकीची जागा मिळवून दिली, पाण्याची बाटली दिली, कंडक्टरला चारदा सांगितलं. तेव्हा ‘बाबा आडवे येतात’ हे जे तू तिच्या कानात भरतेस, ते जरा बंद कर. ती दोन दिवस तुझ्याकडे होती तेव्हा इथे कामाची थोडी गडबड झाली, पण मी त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

तुझं म्हणणं मला पाठ झालंय. शाळा तुझ्या हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर. नर्सांच्या क्वार्टर्समध्ये मुलं ठेवू देत नाहीत, म्हणून पोरीने वसतिगृहात राहायचं आणि रविवारी आईकडे यायचं. आठवीलाच घेतात, नंतर घेत नाहीत, म्हणून आत्ताच. प्रयोगशाळा आहे, पोहायचा तलाव आहे, बरोबरीच्या मुली आहेत. सगळं ठीक. पण इथल्या शाळेने काय घोडं मारलंय? सकाळी आठला भरते, तीनला सुटते, सव्वातीनला पोरगी घरात. हातपाय धुते, चहा घेते आणि माझ्या समोर बसून अभ्यास करते. कुठे शिंकली तरी मला कळतं. तुझ्या त्या शाळेत साठ मुलींना एक बाई. साठ शिंकांकडे ती बाई कुठवर बघणार?

आणि वसतिगृह म्हणजे काय ते मला विचार. पाच वर्षं काढली आहेत. घंटेला उठायचं, घंटेला जेवायचं, घंटेला रडायचं थांबवायचं. कपड्यांवर नंबर शिवलेला. माझा एकशे चौदा. पाच वर्षांत मला कोणी नावाने हाक मारली नाही. माझ्या पोरीच्या झग्यावर असा नंबर शिवायला मी सुई हातात धरणार नाही.

तू म्हणशील, इथे तरी काय आहे? दोन खोल्या, त्यातली एक दातांनी भरलेली. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि कॅप करून देणारा माणूस आहे मी, हे लग्नाच्या वेळी तुला माहीत होतं. फळीवरचे प्लास्टरचे जबडे तुला शेवटपर्यंत सोसले नाहीत. गोटीला मात्र त्यांचं काही वाटत नाही. परवा तिने एका जबड्याला माझी टोपी घातली आणि म्हणाली, ‘‘बाबा, हे तुमच्यापेक्षा जास्त हसतात.’’

अशी पोरगी घंटेवर उठवायची?

१७ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. अक्षर मोठं काढलंस, बरं वाटलं. रागाने काढलंस की सवयीने, ते माहीत नाही.

शाळेने तुलाही कळवलं म्हणायचं. हो, महिन्यात नऊ वेळा उशीर झालाय तिला. त्याला एवढं आकाश कोसळल्यासारखं काय करायचं? त्या वयात मुलं आळशी असतातच. सकाळी अंथरुणातून निघता निघत नाही. मी बोललो तिला.

तू विचारलंस, तिला स्वतःला काय हवंय. मी विचारलं. ‘‘तुम्ही म्हणाल तसं,’’ म्हणाली. आता याच्यावर मी काय बोलणार? पोरगी समजूतदार आहे, ती काय माझी चूक?

एक मात्र सांगतो, नाहीतर उद्या म्हणशील लपवलं. तुझ्याकडून आली त्या आठवड्यात तिने वहीच्या मागच्या पानावर त्या वसतिगृहाची खोली काढली. तुम्ही दोघी बघून आलात ना, ती. सहा पलंग, तीन खिडक्या, प्रत्येक पलंगाशी एक उभं कपाट. एका कपाटावर तिने पेन्सिल इतकी गिरवली होती की कागद फाटायचा बाकी होता. मी विचारलं, हे काय? म्हणाली, ‘‘कुलूप. प्रत्येकीला आपलं कुलूप असतं. किल्ली बाईसुद्धा मागू शकत नाहीत.’’ मी म्हटलं, तुला एवढं काय लपवायचंय? ती म्हणाली, ‘‘काही नाही. नुसतं असू दे.’’

इथे तिचं सामान माझ्या कामाच्या खोलीत, मेणाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर असतं. पुस्तकांवर प्लास्टरची पूड बसते. ती शाळेत जाताना दप्तर झटकते. हे मला दिसतं, दिसत नाही असं समजू नकोस.

१२ मार्च

नाही, शाळेचं पत्र आलेलं नाही. आलं की कळवीन असं सांगितलं होतं ना? रोज अकरा वाजता पोस्टमन जिना चढतो तेव्हा मी दाराशी असतो. काल मुद्दाम विचारलं त्याला. काही नाही म्हणाला. निवड झाली नसेल. एवढ्या मुली बसतात परीक्षेला. तिला उगाच आशेला लावू नकोस, नंतर आवरायला मी असतो इथे.

इथलं सगळं ठीक. मोठ्या डॉक्टरांकडून काम जरा कमी येतंय. हल्ली सगळ्यांना बाहेरून यंत्रावर केलेल्या कॅप हव्या असतात. दुसरे ते चष्मेवाले दातांचे डॉक्टर, त्यांचं काम आहे अजून.

गोटीला खोकला आहे. औषध दिलं. काळजीचं कारण नाही.

३० मार्च

तू शाळेत फोन केलास आणि त्यांनी सांगितलं की पत्र चोवीस फेब्रुवारीलाच टाकलं होतं, वीस मार्चपर्यंत माझ्या सहीचं संमतिपत्र आलं नाही म्हणून जागा पुढच्या मुलीला दिली. बरं. मग माझ्यावर का खवळतेस? पोस्टावर खवळ. पत्रं गहाळ होतात. आपल्या लग्नाच्या वेळी तुझ्या मामांना पाठवलेलं पाकीट आठ महिन्यांनी परत आलं होतं, आठवतं?

‘तू मुद्दाम केलंस’ असं लिहायच्या आधी विचार करायचा होतास. मी तिचा बाप आहे.

तिला मी सांगितलं, जागा गेली म्हणून. ती म्हणाली, ‘‘बरं.’’ आणि कपबशा विसळायला गेली.

४ एप्रिल

हे पत्र नीट बसून वाच. ड्यूटीवर वाचू नकोस.

पत्र आलं होतं. सत्तावीस फेब्रुवारीला, अकरा वाजता. पोस्टमनने हातात दिलं. पाकिटावर शाळेचं चिन्ह उठावाचं छापलेलं आहे, ते अंगठ्याखाली लागलं आणि मला कळलं. मी ते फोडलं नाही. फोडून उपयोग नव्हता, कारण मला वाचता आलं नसतं.

डोळे गेलेत माझे. म्हणजे अजून पुरते नाहीत, पण जायला निघालेत. मधोमध धुकं आहे आणि कडेकडेचं दिसतं. तुझ्या तोंडाकडे बघायचं तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागेल. दोन वर्षं झाली याला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हे परत येणार नाही, चष्म्याने नाही आणि थेंबांनीही नाही. तुझं मोठं अक्षर मी भिंगाखाली एकेक करून वाचतो. एका पत्राला दुपार जाते. टेबल मुळीच डगमगत नाही.

आता तू विचारशील, दोन वर्षं मग काम कसं केलं? गोटीने केलं.

घडवायचं मी हातांनीच घडवतो. मेण, प्लास्टर, घासणं, सगळं बोटांना येतं. पण डॉक्टरांची चिठ्ठी वाचावी लागते, कुठला दात, वरचा की खालचा. आणि डॉक्टरांनी नमुन्याला पाठवलेल्या दाताशी रंग जुळवावा लागतो. तुला आठवत असेल ती पट्टी, सोळा नमुन्याचे दात लावलेली, प्रत्येकाखाली नंबर. माणसाचा दात कधी पांढरा नसतो. कुणाचा पिवळट, कुणाचा राखाडी, कुणाचा मुळाशी एक आणि टोकाला दुसरा. तो रंग दिव्याच्या उजेडात ओळखता येत नाही, फसवतो. दिवसाच्या उजेडातच, खिडकीपाशी बघावा लागतो. सकाळी साडेसातला उजेड नीट होतो. त्या वेळी ती गणवेश घालून खिडकीत उभी राहते, चिठ्ठ्या वाचते, दात पट्टीशी लावून उजेडात धरते आणि मला नंबर सांगते. प्रत्येक चिठ्ठी मी तिला दोनदा वाचायला लावतो, कारण एक दात चुकला तर दोन दिवसांचं काम मातीत जातं. मग ती शाळेत धावते. महिन्यात नऊ वेळा उशीर झाला तो याच्यापायी. आळशी नाही ती. मी तसं तुला लिहिलं आणि ते वाईट केलं.

आईला सांगायचं नाही म्हणून तिला मीच शपथ घातली. माझी शपथ. दोन वर्षं दर रविवारी ती तुझ्याशी फोनवर बोलली आणि तिने तोंडातून ब्र काढला नाही. तू म्हणायचीस ना, पोरगी फोनवर गप्प गप्प असते.

आता सगळं सांगायला बसलोच आहे तर ऐक. जानेवारीत ती परीक्षेला तुझ्याकडे आली, त्या दोन दिवसांत मोठ्या डॉक्टरांचं निकडीचं काम आलं. दुकानात काउंटरवर उभी राहणारी एक मुलगी, तिचा समोरचा दात. रंग मी अंदाजाने घेतला. त्या मुलीच्या तोंडात तो दात पिवळाधमक दिसला, ती म्हणे डॉक्टरांच्या खुर्चीत रडायलाच लागली. डॉक्टर स्वतः दात घेऊन जिना चढून आले. ‘‘अहो, काय हे? झालंय काय तुम्हाला?’’ गोटी नुकतीच बसमधून उतरून आली होती, पाठीवर पिशवी तशीच. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, ‘‘पोरीने हात लावला असेल, डॉक्टर. सांगून ऐकत नाही.’’ डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, ‘‘चुकलं माझं.’’

डॉक्टरांना पटलं नाही. तेव्हापासून त्यांचं काम बंद झालं.

त्या दिवशी मला कळलं की ती गेली तर मी दोन दिवसही टिकत नाही. म्हणून पाकीट लपवलं. इथली शाळा की तिथली, हा प्रश्न माझ्यासमोर कधी नव्हताच. मला पोरगी सकाळी साडेसातला खिडकीत हवी होती. बाकी जे लिहिलं, घंटा आणि नंबर आणि साठ मुलींना एक बाई, ते सगळं त्याच्यावर चढवलेलं पॉलिश होतं. वसतिगृहाचंही खोटं लिहिलं. एकशे चौदा नंबर खरा, पण मैदानावर पोरं ‘एकशे चौदा, एकशे चौदा’ म्हणून ओरडायची तेव्हा मला इतकं बरं वाटायचं की तेवढं नंतर कधी वाटलं नाही. शेवटच्या दिवशी मी फाटकाला धरून रडलो होतो, जायचं नव्हतं म्हणून.

लपवलं कसं तेही सांगतो, म्हणजे तुला निदान हसू येईल. प्रत्येक पेशंटचे साचे एकेका खोक्यात असतात, वर नाव लिहिलेलं. एक म्हातारे मास्तर होते, त्यांची कवळी तयार झाली आणि न्यायच्या आधीच ते वारले. ते खोकं वर्षभर पडून आहे, त्याला कोणी हात लावत नाही. पाकीट मी त्यात ठेवलं. म्हणजे मला वाटलं, त्यात ठेवलं. नाव कुठे वाचता येत होतं मला? शेजारच्या खोक्यात गेलं. ते एका बाईंचं, ज्यांच्या कॅपची परवा दुरुस्ती आली.

काल सकाळी गोटीने ते खोकं खिडकीत नेऊन उघडलं. मी मेण तापवत होतो. मग पाकीट फोडल्याचा आवाज आला. आणि तिने वाचायला सुरुवात केली. ज्या आवाजात चिठ्ठ्या वाचते ना, वरचा डावा, खालचा उजवा, त्याच आवाजात. आपल्या पाल्याची इयत्ता आठवीसाठी निवड झाली आहे, हे कळवण्यास आनंद होतो. संमतिपत्र वीस मार्चपर्यंत पोचावे. सोबत आणायच्या वस्तू. चादरी दोन. टॉवेल दोन. काळे बूट एक जोड. कपाटासाठी कुलूप एक, दोन किल्ल्यांचे. खालची सहीसुद्धा वाचली तिने.

मग म्हणाली, ‘‘परत वाचू?’’

मी म्हटलं, नको. तिने वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, पुन्हा.

मी शिव्यांची वाट बघत होतो. तिने पाकिटाची घडी घातली, दप्तरात ठेवलं, त्या बाईंचा दात उजेडात धरला आणि मला नंबर सांगितला. बरोबर नंबर सांगितला. त्या क्षणी ती मला काहीही सांगू शकली असती. दप्तर झटकलं आणि गेली. आवाज चढवला असता, काही फेकून मारलं असतं तर मला जरा तरी बरं वाटलं असतं.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. तुला जे करायचं ते कर. चार वर्षांपूर्वी जिन्यात उभा राहून मी तुला म्हणालो होतो, गेलीस तर परत येऊ नकोस. मला वाटलं होतं, आठ दिवसांत येशील.

२ मे

आई, अक्षर बघून तुला कळलंच असेल. बाबा सांगताहेत आणि मी लिहितेय. त्यांना आता भिंगाखालीही अक्षर लागत नाही. तुझं पत्र मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. आता खालचं सगळं त्यांचं आहे.

तुझं पत्र मिळालं. तू मला बोल लावशील असं वाटलं होतं, ते लावले नाहीस, म्हणजे काय ते मी समजलो. क्वार्टर्स सोडून दोघींपुरती खोली घेतेस आणि गोटीला तिथल्या साध्या शाळेत घालतेस म्हणालीस. फार चांगलं. माझी काही हरकत नाही. हरकत घ्यायला मी आता आहे कोण? हे लिहू नकोस गं. लिहिलंस? बरं, राहू दे. वीस तारखेला येऊन तिला घेऊन जा. तिचा शाळा सोडल्याचा दाखला मी आणून ठेवतो. खोकला पूर्ण बरा झालाय. सकाळी तिला उठवावं लागत नाही, आपली आपण उठते. अंडं अर्धं कच्चं आवडतं. माझी काळजी करू नका. चष्मेवाले डॉक्टर म्हणाले आहेत, ते त्यांच्याकडचा माणूस चिठ्ठ्या वाचायला पाठवतील. माझं व्यवस्थित चालेल. लिही, बाबा मजेत आहेत. तुझं उत्तर आलं की तिच्या सामानाचं बघतो. जमलं तर लवकर टाक, मी वाट बघतो.

इथवर बाबांचं. दोनदा वाचून दाखवलं. ते ‘ठीक आहे’ म्हणाले आणि पाय लांब करून बसले. त्यांना वाटतंय मी पत्ता लिहितेय. आता माझं लिहिते. हे मी त्यांना वाचून दाखवणार नाही.

आई, वीस तारखेला येऊ नकोस.

चष्मेवाल्या डॉक्टरांकडचा कोणी माणूस येणार नाहीये. त्यांनी गेल्या गुरुवारी शेवटचं काम दिलं आणि मला जिन्यात बोलावून सांगितलं, बाळ, आता तुझ्या वडिलांना विश्रांती घेऊ दे. ते मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. बाबा रोज साडेसातला मशीन पुसून बसतात. मी दुसऱ्यांच्या जुन्या साच्यांवरून चिठ्ठ्या तयार करून वाचते. वरचा डावा, तिसरा. ते दिवसभर घासतात. संध्याकाळी मी ते खोक्यात ठेवते आणि डॉक्टरांनी नेलं म्हणते. सुट्टी आहे म्हणून जमतंय. शाळा सुरू झाली की काय करायचं ते मला माहीत नाही.

मंगळवारी त्यांनी चहा कपाच्या बाहेर ओतला. अख्खा. मी बघतेय हे त्यांना कळलं नाही. त्यांनी बाहीने टेबल पुसलं आणि रिकामा कप तोंडाला लावून प्यायल्यासारखं केलं.

तू दोघींपुरती खोली लिहिलंस. मी ते वाचताना ‘दोघींपुरती’ गाळणार होते, पण गाळलं नाही. त्यांचं तोंड जसं होतं तसंच राहिलं.

मला यायचं होतं. जानेवारीत इतकं यायचं होतं की बसमध्ये मी प्रत्येक थांब्याला उठून उभी राहत होते. तू दर रविवारी विचारायचीस, बाबा काय म्हणतात. बाबा विचारायचे, आई काय म्हणते. मी सहा पलंग काढले आणि त्यातला माझा कुठला ते तुम्हा दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. खिडकीजवळचा नव्हता. दाराजवळचा होता. मी बाबांवर अजून चिडलेली आहे. त्यांना ते माहीत आहे, म्हणून ते माझ्याशी खूप गोड बोलतात, आणि ते मला अजिबात आवडत नाही. तुझ्यावरही चिडलेली आहे, पण तुझ्यावर चिडायला मला रविवारचाच दिवस मिळतो.

आता मी आले तरी रोज सकाळी मला वाटणार, त्यांनी गॅस नीट बंद केला असेल का. तिथे बसून ते वाटण्यापेक्षा मी इथेच बघते. मला इथे राहायला आवडतं म्हणून नाही. आवडत नाही. पण दुसरं काही मला सुचत नाहीये, आणि तुम्हाला दोघांनाही सुचलेलं नाही.

रविवारी फोन कर. पण हे विचारू नकोस, बाबा शेजारीच असतात.

बाबांनी सुताराला बोलावून मला कपाट करून दिलंय. कामाच्या खोलीतलंच जबड्यांचं कपाट, अर्धं रिकामं करून. कुलूप शाळेच्या यादीत होतं तसंच आणलं, दोन किल्ल्यांचं. मला म्हणाले, ‘‘एक तुझी, एक माझ्याकडे ठेवू का, हरवली तर?’’ मी कुलूप कडीत घालून खट्कन लावलं. मग त्यांनी दोन्ही माझ्या हातात दिल्या. आत ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं, शाळेचं ते पाकीट सोडून.

आता त्यात तुझं उत्तर ठेवीन. पोस्टमन अकरा वाजता येतो. बाबा दाराशी उभे असतात, पण पत्र हातात घेऊन त्यांना मलाच द्यावं लागतं. ते विचारतील, कुणाचं आहे? मी म्हणेन, विजेचं बिल. ते म्हणतील, आईचं काहीच कसं नाही? मी म्हणेन, नाही आलं, बाबा. पत्रं गहाळ होतात.